ट्रॉलीवरची झोळी

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. जेवून सांगते, पेपर झाल्यावर सांगते असं काही नाही, आत्ता. कारण खाली कंपाउंडमध्ये बाळाकाका ग्राइंडर घेऊन आलेत, मिलिंददादा हातात ठरावाची वही घेऊन उभा आहे, आणि आमच्या ट्रॉलीवरचे ते दोन खांब आज कापणार म्हणतायत. मी चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत बसलेय, मांडीवर बँकेच्या परीक्षेचं पुस्तक, पुस्तकावर फोन, आणि दोन्ही अंगठ्यांनी टाइप करतेय. शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शुद्धलेखन नंतर सुधारता येईल, खांब एकदा गेले की गेले.

आता खांब कसले, ट्रॉलीवर खांब का, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. सांगते. पण एप्रिल आलाय ना, त्यामुळे सगळं एकदम आठवतंय, रांगेत येत नाहीये.

आमच्या परळमध्ये एप्रिल म्हणजे परीक्षा आणि जयंती. दोन्ही एकाच वेळी, एकाच डोक्यात. खाली पोरं लेझीमचा सराव करतायत आणि वर तुम्ही कॉस्ट अकाउंटिंगचं गणित सोडवताय, आणि थोड्या वेळाने कळतं की पेन लेझीमच्या ठेक्यावर चालतंय आणि उत्तर भलतंच आलंय. गॅलऱ्यांमधून निळ्या पताका, कुठेतरी झेंड्याच्या काठीला ऑइलपेंट मारल्याचा वास, त्यात कोणाच्यातरी घरातून कैरीच्या लोणच्याची फोडणी. दुपारी एक ते चार रस्ता असा पांढरा होतो की कुत्रीसुद्धा गाड्यांच्या खालून निघत नाहीत. माझ्या डोक्यात एप्रिलचा वास हाच आहे. ऑइलपेंट, मोहरी, आणि तीन वर्षांपासून त्यात आणखी एक, वेल्डिंगचा. तापलेल्या लोखंडाचा तो आंबूस वास. माझं टीवायचं वर्ष होतं ते.

त्या एप्रिलपर्यंत आमचे आबा आठ महिने खाली उतरले नव्हते.

आबा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. जन्म गेला मिलमध्ये, मिल बंद झाल्यावर मिळेल ते काम केलं, आणि सगळं करून झाल्यावर चाळीच्या गॅलरीत झोळी बांधून आडवे झाले. दोन लाकडी खांब, मध्ये मिलच्या जाड कापडाची झोळी. दुपारी दोन ते पाच आबा त्यात. गॅलरी एवढीशी, त्यामुळे नळावर जायचं तर आबांच्या खालून वाकून जावं लागायचं. आणि खालून कोणी वाकून चाललंय म्हटल्यावर आबा त्याला तसंच सोडतील? मिलिंददादा गेला की, "काय रे मिलिंद, बढती झाली वाटतं, वाकताना पोट आधी पोचतंय." माझी आई गेली की, "सूनबाई, डोक्यावर हंडा आहे, माझ्या पाठीला लागला तर मी पेन्शनीत निघेन." अख्खी चाळ रोज आबांच्या खालून वाकून जायची आणि शिव्या खाऊन हसत बाहेर यायची.

मग चाळ पाडली. त्या जागी दोन इमारती आल्या. एक उंच, तिच्यात विकत घेणारे राहतात, एक आमची. त्यांच्याकडे स्विमिंग पूल आहे, आमच्याकडे नियम आहेत. लिफ्टच्या बाजूला नोटीस: कंपाउंडमध्ये तसेच कॉमन पॅसेजमध्ये कायमस्वरूपी बांधकाम, खिळा, दोरी, झोपाळा इत्यादी काहीही लावू नये. म्हणजे बघा, झोपाळा. नोटीस लिहिताना कोणाच्या तरी मनात आमचे आबा नक्की होते.

नवीन घर चकाचक. पांढऱ्या टाइल्स, पांढरी भिंत, एक खिळा नाही. आबा भिंतीकडे तोंड करून झोपायचे. जेवण अर्ध्यावर आलं, बोलणं पाववर. आबा कोणाला टोमणा मारत नाहीत म्हटल्यावर आम्ही घाबरलो आणि डॉक्टरांना घरी बोलावलं. डॉक्टरांनी गुडघे ठोकले, छाती ऐकली, म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. यांना खाली न्या."

"आबा, चला ना खाली. जरा हवा आहे."

"हवा इथेपण येते. एसीसाठी भोक ठेवलंय ना भिंतीत."

"खाली माणसं आहेत आबा."

"खाली काय आहे? पार्किंग आहे. मी काय स्कूटर आहे?"

खाली खरंच पार्किंग होतं. त्या एप्रिलच्या तोंडाशी आई रात्रीचं ताट उचलताना त्यात उरलेली भाकरी फडक्यात बांधून ठेवायची. ते फडकं मला बघवायचं नाही. मी ठरवलं, आबांना खाली आणायचं. टीवायची परीक्षा तोंडावर असताना माणसाला दुसऱ्या कुठल्याही कामाचा किती उत्साह येतो हे मी वेगळं सांगायला नको.

ऑनलाइन हॅमॉक मागवला. हिरवा, चकचकीत, फुग्यासारख्या कापडाचा. आला, छान आला. आता बांधायचा कुठे? कंपाउंडमध्ये एकच झाड, बदामाचं. झोळीला दोन टोकं असतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. पार्किंगच्या पिलरला बांधून बघितला, पिलर इतका जाड की अर्धी दोरी त्यालाच मिठी मारण्यात संपली, आणि दोन तासांत व्हॉट्सॲपवर फोटो: "हे कोणी केले आहे? नियम क्र. ७." 

मग एका दुपारी मी ह्याच खिडकीत बसून खाली बघत होते. कोपऱ्यात जयंती मंडळाची ट्रॉली. दोन चाकांची, लोखंडी, पुढे हूक, टेम्पोला अडकवायची. जयंतीच्या मिरवणुकीत तिच्यावर जनरेटर असतो. बाकीचे साडेअकरा महिने ती नुसती उभी, तिच्यावर मांजरं झोपतात. आणि तिच्याबद्दल कधीच कोणी तक्रार करत नाही. का? कारण ती वाहन आहे! वाहन पार्क करायला परवानगी आहे! नियमात बांधकाम नको लिहिलंय, वाहनावरच्या बांधकामाबद्दल एक अक्षर नाही!

मी कॉस्ट अकाउंटिंगच्या सराव पेपरच्या मागे चित्र काढलं, ट्रॉली, दोन टोकांना दोन खांब, मध्ये आबा (आबांना मिशा काढल्या, ओळखू यावेत म्हणून), आणि धावत बाळाकाकांकडे गेले.

बाळाकाका आमचे जुने शेजारी, चाळीत भिंतीला भिंत, इथे दुसऱ्या मजल्यावर. मूळचे मालवणकडचे. लालबागला त्यांचं ग्रिल आणि शटरचं वर्कशॉप आहे. त्यांनी चित्र उलटं धरलं, सुलटं धरलं.

"ह्या काय? डास?"

"आबा आहेत, काका."

"आबा? मिशी बरी काढलंस." मग चित्र नीट घडी करून खिशात ठेवलं. "म्हातारो खाली येतलो ह्याच्यासाठी?"

"माहीत नाही. पण बघू ना."

"बघू काय? करूया."

मिलिंददादाची परवानगी घ्यावी लागली, ट्रॉली मंडळाची आणि तो सेक्रेटरी. मिलिंददादा ऑफिसात हेडक्लार्क आहे आणि घरी पण हेडक्लार्क आहे. तो म्हणाला, "जयंतीच्या आधी खांब काढून ट्रॉली जशीच्या तशी परत मिळाली पाहिजे. तसा ठराव करतो." केला. मी सही केली. बाळाकाकांनी पण केली, न वाचता. ही त्या एप्रिलमधली सगळ्यात मोठी चूक.

कारण बाळाकाका दोन इंची पाइप घेऊन आले आणि थेट वेल्डिंगला बसले. मी म्हटलं, "काका, नट-बोल्ट लावा ना, परत काढायचंय." त्यांनी काळा चष्मा वर केला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या घराण्याबद्दल काहीतरी बोलले.

"अगो, नट-बोल्ट म्हणजे साखरपुडो. कधी मोडात सांगता येना नाय. वेल्डिंग म्हणजे लगीन."

आणि लावून टाकलं लग्न. दोन्ही खांबांचं, चारही बाजूंनी.

पाइप कुठले होते माहितीये? चाळ पाडताना बाळाकाकांनी भंगारातून उचलून ठेवलेले, आमच्या नळाच्या लाइनचे. ज्या नळावरून आईचं आणि त्यांच्या बायकोचं भांडण झालं नाही असा आठवडा नव्हता, तोच पाइप आता ट्रॉलीवर ताठ उभा. एका पाइपला पोचा पण होता, तिथे कोणीतरी कोणालातरी हंडा मारला होता, आणि कोणी कोणाला, हे दोन्ही घरांत वेगवेगळं सांगतात.

पहिली ट्रायल. हॅमॉक बांधला, मी यूट्यूबवर बघून गाठ मारली. बसणार कोण? बाळाकाका म्हणाले, "माझा वजन नव्वद. माका झेपला तर आबाक झेपतला." ते मागे सरकून बसले, पाय वर घेतले, डोळे मिटले, "आहाहा" म्हणाले. आणि त्यांच्या आहाहाच्या तालावर दोन्ही खांब हळूहळू आत झुकायला लागले. अगदी सावकाश, नम्रपणे, लग्नात दोन व्याही एकमेकांना वाकून नमस्कार करतात तसे. काका खाली खाली खाली, आणि लोखंडाच्या पत्र्यावर ठप्प.

मग शोध लागला की झोळीत माणूस बसला की ती खांबांना खाली कमी आणि आत जास्त ओढते. बघायला सगळी बिल्डिंग जमली होती, आणि गिरणगावात जमलेल्या माणसांत इंजिनीअर नसलेला एकही नसतो. "तिरका टेकू दे." "आतून दे." "आतून दिला तर माणूस टेकूवर बसेल काय, बाहेरून दे." "वरून आडवा पाइप टाक ना." "मग तो डोक्यात लागेल, तुझ्या घरी आहे तसा." दोन तास. शेवटी काकांनी खांब सरळ केले आणि बाहेरच्या बाजूने तिरके टेकू दिले, आणि ते टेकू पण अर्थातच वेल्डिंग.

दुसरी ट्रायल. खांब हलले नाहीत. हलली ट्रॉली. तिला मधोमध दोनच चाकं. काका जरा मागे सरकले तशी अख्खी ट्रॉली सीसॉसारखी मागे कलंडली, पुढचा हूक आकाशात, काका पाठीवर, पाय वर, आणि मांजरं, जी महिनोन्महिने त्या ट्रॉलीवर झोपत होती, ती जी पळाली ती दोन दिवस दिसली नाहीत. तेवढ्यात वॉचमन आला. त्याने आकाशातला हूक बघितला, काकांचे पाय बघितले, आणि विचारलं, "इसका पार्किंग का स्टिकर किधर है?"

मग पुढे पाय, मागे पाय, चाकांना विटा. काकांनी चार लोखंडी पाय बसवले, आणि हे चार पाय मात्र दुमडायचे, म्हणजे तिथे त्यांना बिजागरी लावायचं सुचलं. खांबांच्या वेळी नाही सुचलं. मी विचारलं तर म्हणाले, "पाय दुमडूकच होये. खांब कित्याक दुमडूचे?"

तिसरी ट्रायल. खांब घट्ट, ट्रॉली घट्ट. काका आता शहाणे झाले होते, हळूच बसले. एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात माझी यूट्यूबची गाठ सुटली.

ह्या वेळी डोक्याकडून.

आणि तेव्हा, बिल्डिंग हसतेय, काका मालवणीत माझ्या गाठीच्या सात पिढ्या काढतायत, त्या सगळ्या गोंधळावरून एक आवाज आला. वरून. चौथ्या मजल्यावरून. "अगं ए, ती गाठ आहे की परकराची नाडी?"

सगळ्यांच्या माना वर. खिडकीत आबा. खिडकीच्या जाळीला नाक लावून, केस विस्कटलेले, चष्मा कपाळावर. आठ महिन्यांत त्यांनी मारलेला पहिला टोमणा. आणि तो मला! मला रडायला येत होतं आणि हसायला पण.

"मग तुम्ही दाखवा ना कशी मारायची!" मी ओरडले.

"वरून काय दाखवू? दोरी काय इथपर्यंत येणार आहे?"

"मग या खाली!"

खिडकी बंद झाली. बाळाकाका पत्र्यावर पडल्या पडल्या म्हणाले, "म्हातारो गेलो परत झोपूक." आम्ही थांबलो. लिफ्टच्या दारावरचा आकडा लाल रंगात दिसतो. चार. बराच वेळ चारच. मग तीन. मग दोन. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली, आणि कोणालातरी आत घ्यायला ती जेवढी थांबते ना, तेवढा वेळ मी श्वास घेतला नसेन. मग एक, मग शून्य. दार उघडलं. आबा लुंगीवर, अंगात बाबांचा शर्ट, पायात आईच्या चपला. आबांना खाली यायची एवढी घाई झाली होती की त्यांना स्वतःच्या चपला सापडल्या नाहीत. सापडणार कशा, आठ महिने लागल्याच नव्हत्या.

त्यांनी दोरी हातात घेतली. गाठ मारलीच नाही. दोरीचं टोक उकललं, तीन पदर मोकळे केले, कडीतून मागे आणले आणि दोरीच्याच पिळात एकेक पदर घुसवत गेले. बोटं अशी चालली होती जशी दुसऱ्या कोणाची तरी, तरुण माणसाची असावीत. "आमच्या सूतखात्यात गाठ नसायची," म्हणाले. "धागा तुटला की पिळाला पीळ द्यायचा आणि सोडायचा. गाठीवर ताण आला की गाठ दगा देते. पिळावर ताण आला की पीळ अजून घट्ट होतो." मग माझ्याकडे बघून, "टीवायला काय शिकवतात तुम्हाला?"

तो हिरवा हॅमॉक मात्र त्यांनी हातात धरला, चुरगळला, कानाशी नेला. "हे वाजतंय. वाजणाऱ्या कापडावर मी झोपत नाही." आणि बाळाकाकांना म्हणाले, "सुती दोरी आण. पुष्कळ आण."

पुढचे चार दिवस आबा रोज खाली. त्या दोन खांबांच्या मध्ये त्यांनी उभ्या दोऱ्या ताणल्या आणि आडव्या विणायला घेतल्या. सकाळी सावली इकडे, दुपारी तिकडे, आबांची खुर्ची सावलीच्या मागे मागे. मी बाजूला बसून अभ्यास करायचे, म्हणजे पुस्तक उघडं असायचं. बदामाची पानं पडायची, आबा ती उचलून माझ्या पुस्तकात खूण म्हणून घालायचे, त्यामुळे प्रत्येक पानावर खूण झाली आणि एकही पान सापडेनासं झालं.

तेव्हाच त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील पण मिलमध्ये. पण त्यांच्या काळात आपल्या माणसांना साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, घ्यायचे नाहीत. साच्यावर पगार जास्त. पण तिथे आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, आणि आपलं तोंड लागलेलं सूत दुसऱ्यांना चालायचं नाही. म्हणून आपण सूतखात्यात. सूत काढा, विणू नका. "माझ्या वेळी नियम गेला होता," आबा म्हणाले, "पण माणसं कामावर घेणारा जॉबर तोच होता. तीन वेळा विचारलं त्याला. एकदा म्हणाला जागा नाही, एकदा म्हणाला उंची कमी पडते, तिसऱ्यांदा म्हणाला उंची जास्त आहे." हसले. मग ताणलेल्या दोऱ्यांवरून हात फिरवला, खांबाला एक थाप मारली आणि म्हणाले, "हा बघ माझा साचा. चाकावरचा. हलवा म्हटलं तर हलवीन, पण उतरणार नाही."

मी दोरीचं टोक धरून बसले.

जयंतीला चार दिवस राहिले आणि मिलिंददादा वही घेऊन आला. "खांब काढा, जनरेटर चढवायचाय."

बाळाकाका डोकं खाजवायला लागले. "काढूचे कसे? वेल्डिंग हा."

"ठरावात लिहिलंय, काढून देणार!"

"मी वाचूक नाय."

"सही आहे तुमची!"

"सही माझी हा. वाचलंय म्हणान खंय म्हणतंय?"

मग मीटिंग. कोणी म्हणालं जनरेटर खाली राहू दे, वर झोळी राहू दे. आबा म्हणाले, "म्हणजे मला खालून भाजणार." शेवटी जनरेटर टेम्पोत गेला आणि ट्रॉलीवर पाण्याचे ड्रम आणि कोकम सरबत आलं. खांबांना निळे झेंडे बांधले, आणि मध्ये आबांची झोळी, नवी, पांढरी, अजून कोणी न वापरलेली. आबांनी स्वतः तिच्यात एकदाही पाठ टेकली नव्हती. म्हणाले, "आधी मिरवणुकीत जाऊ दे."

चौदा तारखेला, ऊन जरा उतरल्यावर, मिरवणूक निघाली. अर्धा तास झाला नाही तोच लहान पोरं चालून थकली आणि एकेक करून झोळीत. आधी दोन, मग चार, मग मोजता येईनात, नुसते पाय दिसत होते. कोणाच्या हातात सरबत, कोणाच्या तोंडात दुसऱ्याचा फेटा. आणि ती दोरी तुटली नाही, तो पीळ सुटला नाही. मी आबांना म्हटलं, "आबा, बसा ना पुढे टेम्पोत." ते म्हणाले, "पोरांवर लक्ष कोण ठेवणार?" आणि खांबाला एक हात लावून चालत राहिले. नळाच्या त्या पोचा आलेल्या पाइपला धरून. जो माणूस आठ महिने लिफ्टपर्यंत आला नव्हता तो नाक्यापर्यंत गेला, मग पुढच्या नाक्यापर्यंत, आणि येताना बाळाकाकाच मागे राहिले.

मी टीवायला पास झाले, म्हणजे झाले कशीबशी. कॉस्ट अकाउंटिंगमध्ये किती ते विचारू नका.

तेव्हापासून दर एप्रिलला हे असतं. मीटिंग होते, ठराव होतो, खांब कापायचे ठरतात, बाळाकाका ग्राइंडर घेऊन येतात, आणि काहीतरी होऊन राहून जातं. पहिल्या वर्षी लाइट गेली. गेल्या वर्षी बाळाकाकांच्या बोटाला लागलं होतं, मोठं बँडेज होतं, फक्त ते कधी उजव्या हाताला असायचं कधी डाव्या. ह्या वर्षी मात्र मिलिंददादाने पक्कं केलंय. नवीन जनरेटर मोठा आहे, टेम्पोत मावत नाही, ट्रॉलीवरच जाणार, खांब आड येतात. खरंच येतात. मी काल मापलं, त्याचं काही चुकत नाही, आणि ह्याचाच मला जास्त राग आलाय.

आत्ता खाली काय चाललंय सांगते. एक्स्टेन्शनची वायर पार्किंगमधून आलीये. बाळाकाका चष्मा लावून खांबाजवळ उभे आहेत, पण बघतायत दुसरीकडेच. वॉचमन आलाय. आबा झोळीत आहेत. तीन वर्षांत त्या झोळीचा रंग चहासारखा झालाय, मध्ये आबांच्या आकाराचा खोलगा पडलाय. मिलिंददादा म्हणतोय, आवाज इथपर्यंत येतोय, "आबा, जरा उतरता का?"

आबा उतरले! सहज. एक पाय, दुसरा पाय, खांबाला हात. मला वाटलं होतं उतरणारच नाहीत, भांडतील, आणि मी वरून ओरडायची पूर्ण तयारी ठेवली होती. पण ते उतरले, लुंगी झटकली आणि म्हणाले,

"काप रे बाळा."

बाळाकाका वायरीचा गुंता सोडवायला लागले.

"काप म्हटलं ना. माझ्यासाठी ठेवू नका. मी आता असाही खाली येतो."

अरे देवा. म्हणजे खरंच. रोज येतात ना ते! सकाळी पेपर घेऊन येतात, संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात, झोळीत असतात ते फक्त दुपारी, आणि दुपारी तर अर्धा वेळ दुसरंच कोणीतरी झोपलेलं असतं. मी तीन वर्षं समजत होते की खांब आहेत म्हणून आबा खाली आहेत. आणि आबा कधीपासून नुसतेच खाली येतायत, आणि हे माझ्या लक्षातच आलं नाही.

मिलिंददादाने वही मिटली. गेल्या रविवारी तोच झोळीत घोरत होता, ठरावाची वही तोंडावर ठेवून, सगळ्यांनी बघितलंय. तो बाळाकाकांना म्हणाला, "मग... कापा."

बाळाकाकांनी ग्राइंडर उचलला. खांबाकडे बघितलं, त्या पोच्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं. मग ग्राइंडर परत खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणाले,

"चकतीच आणूक इसारलंय."

मला चौथ्या मजल्यावरून चकती दिसतेय. नवी कोरी आहे, उन्हात चमकतेय, ग्राइंडरवर बसवलेलीच आहे. वॉचमनला दिसतेय. मिलिंददादाच्या तर दोन फुटांवर आहे. तो तिच्याकडे बघत बघत म्हणाला, "असं होय? मग आज काही जमायचं नाही. दुसरी ट्रॉली बघू या का भाड्याने?" आणि ठरावासाठी वही परत उघडली.

आबांनी एकदा चकतीकडे बघितलं, एकदा बाळाकाकांकडे. "बाळा," म्हणाले, "तुझा चष्मा काळा आहे की डोळा?" आणि परत झोळीत चढले.

मी खाली चाललेय, अभ्यास गेला खड्ड्यात. पण जायच्या आधी पटकन सांगा ना: तुम्ही पण कधी कोणासाठी काहीतरी उभं केलंत, आणि त्या माणसाला त्याची गरज उरली नाही तरी ते काढायला कोणाचाच हात उठला नाही, असं झालंय का तुमच्याकडे? आणि तुमच्याकडे काय विसरलं होतं, चकती, की दुसरं काही?